चिनी भाषेतले नमस्कार-चमत्कार : नव्याने शिकणाऱ्यांसाठी

चीनला शिक्षणासाठी, व्यापारासाठी किंवा नोकरीसाठी निघालेल्या मराठी माणसाला एक शब्द आधीपासून येत असतो : नी हाओ. शब्द बरोबर आहे, पण तेवढ्यावर आठवडाभरही भागत नाही. कारण रोजच्या ओळखीतल्या माणसाला चिनी माणसं ‘नी हाओ’ फारसं म्हणतच नाहीत. ती आधी नात्याने किंवा पदाने हाक मारतात आणि मग समोर जे दिसतंय त्याबद्दल दोन शब्द बोलतात. जेवलात का, निघालात वाटतं, आलात का परत. आपल्याकडे चाळीत आणि गावात हेच तर चालतं. म्हणून मला मनापासून वाटतं, की मराठी माणसाला हा भाग जमायला अजिबात अवघड नाही. सुरुवात तेवढी योग्य टोकाकडून करायला हवी.

मी चीनमधल्या यिवू या घाऊक बाजाराच्या शहरात राहते आणि भारतातून माल घ्यायला येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी दुभाष्याचं काम करते. खाली दिलेलं सगळं इथे रोज कानावर पडणारं आहे. ‘चिनी’ म्हणजे या लेखात फूथुंगह्वा, पेइचिंगच्या (बीजिंगच्या) उच्चारांवर आधारलेली प्रमाण भाषा. हाँगकाँगमध्ये आणि क्वांगतुंग प्रांताच्या मोठ्या भागात कँटनीज बोलतात, तिचे उच्चार आणि सूर वेगळे. पण क्वांगचौच्या व्यापारी जत्रेला जाणाऱ्याचं काम प्रमाण चिनीवर निभतं.

पायरी पहिली : रोमन बाजूला ठेवा, देवनागरीत ऐका

चिनी शिकवणारी जवळजवळ सगळी पुस्तकं आणि अॅप पिनयिन वापरतात. ही रोमन लिपीतली लेखनपद्धत चीनमध्ये १९५८ साली मंजूर झाली. ती उत्तम आहे, पण तिची अक्षरं इंग्रजीसारखी वाचली की घोटाळा होतो. पिनयिनमधला ‘बी’ हा आपला प आहे, ‘पी’ हा ओठ मिटून म्हटलेला फ. ‘डी’ म्हणजे त, ‘टी’ म्हणजे थ. ‘जी’ म्हणजे क, ‘के’ म्हणजे ख. म्हणजे प-फ, त-थ, क-ख असा अल्पप्राण-महाप्राणाचा भेद, जो आपण पहिलीच्या वर्गात घोकलेला असतो. इंग्रजी बोलणाऱ्यांना तो इतक्या सहज येत नाही. आपल्याला तो फुकट मिळालाय, त्याचा फायदा घ्या.

मराठीची आणखी एक देणगी आहे. ‘चमचा’मधला च आणि ‘चिमणी’मधला च हे दोन वेगळे आवाज आपण विचार न करता काढतो. चिनीतही हे दोन्ही आहेत. चमच्यातला च पिनयिनमध्ये ‘झेड’ने लिहितात, मी तो इथे ‘त्स’ असा लिहिते आहे. चिमणीतला च ‘जे’ने लिहितात, आणि त्याचा महाप्राण छ हा ‘क्यू’ने. ‘एक्स’ म्हणजे आपला श. शहामृगातला श आणि षटकोनातला ष हा फरकही चिनीत खरोखरचा आहे : ष म्हणताना जिभेचं टोक वर वळवा. दक्षिणेकडचे लोक मात्र हा ष सर्रास ‘स’ म्हणतात. यिवूच्या बाजारात ‘ष’ ऐवजी ‘स’ ऐकू आला, तर आपण चुकीचं शिकलो असं समजू नका.

‘छ’, ‘ष’, ‘त्स’ असे मात्रा न लावता नुसते ठेवलेले उच्चार पुढे दिसतील. पिनयिनमध्ये तिथे ‘आय’ असतो, पण ‘छी’, ‘षी’, ‘त्सी’ म्हणायचं नाही. व्यंजन तसंच धरून ठेवायचं, छ आणि ष नंतर किंचित र चा भास होतो तेवढा होऊ द्यायचा.

पायरी दुसरी : चार सूर

प्रत्येक अक्षराला सूर असतो आणि सूर बदलला की शब्द बदलतो. ‘मा’ पहिल्या सुरात आई, दुसऱ्यात ताग, तिसऱ्यात घोडा, चौथ्यात शिव्या देणं. मी अक्षरापुढे सुराचा आकडा लिहीत जाईन.

१ : आवाज वरच्या पट्टीत, शेवटपर्यंत सपाट. तानपुऱ्यावर वरचा सा धरून ठेवावा तसा.
२ : खालून वर. नीट ऐकू आलं नाही की आपण ‘हं?’ असं विचारतो, तो चढ.
३ : खालच्या पट्टीत दाबलेला. पुस्तकात तो खाली जाऊन पुन्हा वर येणारा दाखवतात, पण बोलण्याच्या ओघात तो बहुतेक वेळा नुसता खालीच राहतो. ‘खाली’ एवढंच लक्षात ठेवलं तरी चालेल.
४ : वरून खाली, झटक्यात. लहान मुलाला ‘बस!’ म्हणून दटावतो तसा.

आकडा नसेल तर ते अक्षर हलकं, आखूड, सूर न लावता म्हणायचं.

एक नियम आत्ताच शिकून घ्या. तिसऱ्यापुढे तिसरा आला की पहिला तिसरा हा दुसरा होतो. ‘नी’ आणि ‘हाओ’ दोन्ही तिसऱ्या सुरातले, पण बोलताना नी२ हाओ३. पुढचं सगळं मी बोलतात तसंच लिहिलं आहे. सुराने किती फरक पडतो याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे छिंग३वन४, ‘जरा विचारू का’. अनोळखी माणसाला रस्ता विचारताना सुरुवात याच शब्दाने करायची. त्यातला वन तिसऱ्या सुरात गेला तर अर्थ होतो ‘कृपया चुंबन घ्या’. प्रसंगावरून लोक समजून घेतात, तरी चौथा सूर ठासून म्हणा.

सरावासाठी एकट्या अक्षरांपेक्षा अख्खं वाक्य मोठ्याने म्हणावं. सूर जोडीत असले की जिभेला त्यांची चाल सापडते. सुटे सूर पाठ करणारे वाक्यात येऊन अडखळतात, हे मी पुन्हा पुन्हा बघते.

पायरी तिसरी : आधी हाक मारा

ही पायरी बहुतेक पुस्तकं घाईत उरकतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. चिनी मूल पाहुण्यासमोर आलं की आई त्याला सांगते, ‘हाक मार’. म्हणजे ‘काका’ म्हण, ‘आजी’ म्हण. ती हाक हाच नमस्कार. मोठ्या माणसांतही तेच : सकाळी कार्यालयात शिरताना नुसतं ‘वांग२ लाओ३ष१!’ म्हणून किंचित मान लववली, तरी नमस्कार पोचतो.

आडनाव आधी, पद नंतर. वांग२, ली३, चांग१ ही आडनावं इतकी सर्वत्र आहेत, की पहिल्याच आठवड्यात तीनही भेटतील. लाओ३ष१ म्हणजे शिक्षक, पण हल्ली शिक्षक नसलेल्या जाणत्या माणसालाही आदराने म्हणतात, आपण ‘सर’ म्हणतो तसं. टॅक्सीवाला, प्लंबर, सुतार, किल्ल्या बनवणारा, हातात कसब असलेला कुठलाही माणूस हा ष१फु (फ ‘फोन’मधला). दुकानदार किंवा हॉटेलमालक लाओ२पान३, मालकीण लाओ२पान३न्यांग२. आईच्या वयाची बाई आ१यी२, वडिलांच्या वयाचा गृहस्थ षू१षु. हे दोन्ही आपल्या मावशी-काकांसारखे कुणालाही लावता येतात, पण वय बघून. पस्तिशीतल्या बाईला आ१यी२ म्हटलं तर तिला ते आवडणार नाही. तिला आडनावापुढे च्ये३, म्हणजे ताई, लावा : वांग२ च्ये३. वर्गातला किंवा कॉलेजातला मुलगा-मुलगी थुंग२श्वे२.

एक शब्द मात्र टाळा. जुन्या पुस्तकांत तरुण मुलीसाठी श्याओ२च्ये३ दिलेला असतो. तैवानमध्ये तो अजून सभ्य आहे, पण चीनच्या मुख्य भूमीवर त्याला वाईट अर्थ चिकटला आहे. हॉटेलात वाढणाऱ्या मुलीला बोलवायचं तर फू२वू४य्वेन२ म्हणा.

पायरी चौथी : नी हाओ कुठे, आणि नंतर काय

नी२ हाओ३ अनोळखी माणसासाठी. पहिल्या भेटीत, दुकानात, स्वागतकक्षात, फोनवर. वयाने किंवा मानाने मोठ्या माणसाला नीन२ हाओ३. नीन२ म्हणजे ‘आपण’. उत्तरेत तो फार जपतात, दक्षिणेत कमी ऐकू येतो, पण परक्याने वापरला तर सगळीकडे शोभतो. अनेकजण असतील तर ता४च्या१ हाओ३, ‘सर्वांना नमस्कार’. शिक्षकांना लाओ३ष१ हाओ३.

‘नी२ हाओ३ मा?’, तुम्ही कसे आहात, हे वाक्य प्रत्येक पहिल्या धड्यात असतं आणि चिनी माणसाच्या तोंडी क्वचितच येतं. ते बाजूला ठेवून खालची वाक्यं शिका.

सकाळी : त्साओ३! एवढंच. सहकारी, शेजारी, दारावरचा रखवालदार, सगळ्यांना चालतं. त्साओ३षांग हाओ३ हे त्याचं पूर्ण रूप, थोडं औपचारिक. दुपारचं आणि संध्याकाळचं असंच रूप आहे, पण ते सभेत आणि टीव्हीवर जास्त. वान३आन१ हे झोपायला जाताना. संध्याकाळी भेटल्यावर ते म्हणू नका.

जेवणाच्या वेळेच्या आसपास : छ१ ल मा? खाल्लं का? याचं उत्तर छ१ ल, नी३ न? म्हणजे ‘झालं, तुमचं?’ किंवा हाइ२ मेइ२ न, ‘अजून नाही’. हे आमंत्रण नव्हे. काय खाल्लं, कुठे खाल्लं याची कथा सांगायची नसते. मोठ्या शहरांतली तरुण मंडळी हे कमी म्हणतात, पण सोसायटीच्या बागेतल्या आजी-आजोबांशी ओळख वाढवायची असेल तर यासारखं वाक्य नाही.

येता-जाता : छ्यू४ ना३र? कुठे निघालात? (दक्षिणेत छ्यू४ ना२ली.) चौकशी वाटली तरी ती चौकशी नाही. छू१छ्यू यी२श्या४, ‘जरा बाहेर जाऊन येते’, इतकं उत्तर पुरतं. ‘छ्यू’ म्हणताना ओठ शीळ घालायला करतो तसे गोल करा आणि आतून ई म्हणा. संध्याकाळी हातात पिशवी बघून रखवालदार म्हणेल ह्वेइ२लाइ ल!, ‘आलात!’ किंवा श्या४पान१ ल!, ‘सुटलं काम!’ यावर हसून फक्त आइ४, ह्वेइ२लाइ ल! म्हणायचं. जे दिसतंय तेच बोलून दाखवण्यात आपुलकी असते. आपणही दारात उभ्या पाहुण्याला ‘आलात का!’ म्हणतोच.

बऱ्याच दिवसांनी भेट : हाओ२च्योउ३ पू२ च्येन४, खूप दिवसांत भेट नाही. पाठोपाठ त्सुइ४चिन४ मांग२ मा?, ‘हल्ली फार काम आहे का?’ उत्तर लाओ३ यांग४त्स, ‘नेहमीसारखंच’, किंवा थिंग२ हाओ३ त, ‘छान चाललंय’.

आमच्या गल्लीतल्या नाश्त्याच्या टपरीवर हे सगळं कसं जुळतं ते बघा. सकाळचे सात, बांबूच्या टोपल्यांतून वाफ येते आहे, मालकीणबाई एका हाताने पाओ१त्स (सारण भरलेले वाफवलेले गोळे) काढते आहे, दुसऱ्या हाताने सोयाबीनच्या दुधाचे पेले भरते आहे. रांगेतली आपली पाळी येते.

– लाओ२पान३न्यांग२, त्साओ३!
– त्साओ३! षांग४पान१ छ्यू? (निघालात कामाला?)
– आइ४, षांग४पान१ छ्यू.
– मान४ त्सोउ३ आ! (सावकाश जा हं!)

चार ओळी. यात ना ‘नी हाओ’ आहे, ना ‘कशा आहात’. पण पंधरा दिवस हे केलंत की ती तुमची आवड लक्षात ठेवून पेला आधीच पुढे करते. मांसाहार नको असेल तर सू४ त, ‘शाकाहारी’, हा शब्दही इथेच कामी येतो.

पायरी पाचवी : आभार आणि माफी

श्ये४श्ये म्हणजे धन्यवाद. पहिला श्ये झटक्यात खाली, दुसरा हलका. उत्तर पू२ ख४छी किंवा पू२युंग४ श्ये४. घरच्या आणि जवळच्या माणसांना उठसूट आभार मानले तर तुम्ही त्यांना लांब ठेवताय असं वाटतं. त्यांच्यासाठी शिन१खू३ ल जास्त बोलतो : ‘खूप कष्ट घेतलेत’. सामान वर आणून देणारा, रात्रभर गाडी चालवणारा, स्वयंपाक करणारी, सगळ्यांना हे म्हणता येतं आणि ऐकणाऱ्याचा चेहरा खुलतो.

गर्दीत धक्का लागला, उशीर झाला, मध्येच बोलायचं आहे, अशा किरकोळ गोष्टींना पू४ हाओ३ यी४स. खरी चूक असेल तर त्वेइ४पुछी३. दोन्हींवर मेइ२ष४, ‘काही नाही हो’.

तुम्ही दोन वाक्यं बोललात की समोरचा म्हणणारच, नी३ त चुंग१वन२ चन१ हाओ३!, ‘तुमचं चिनी किती छान!’ जुन्या पद्धतीचं उत्तर ना२ली ना२ली, ‘छे हो, कुठलं’. नुसतं श्ये४श्ये म्हटलं तरी आता कुणाला खटकत नाही.

पायरी सहावी : ओळख करून देणं

वो३ च्याओ४ … माझं नाव अमुक. वो३ ष४ यिन४तू४रन२, मी भारतीय. वो३ लाइ२त्स४ मंग४माइ३, मी मुंबईची. पुण्याला फू३ना४ म्हणतात. समोरच्याचं आडनाव विचारायची आदराची पद्धत नीन२ क्वेइ४शिंग४? अशी आहे. शेवटी हन३ काओ१शिंग४ रन४ष नी३, ओळख झाली, आनंद वाटला. हात हलकासा मिळवा किंवा मान लववा. वाकून नमस्कार करायची गरज नाही, मिठी तर नकोच. कार्ड दोन्ही हातांनी द्या आणि घेतलेलं वाचल्याशिवाय खिशात टाकू नका.

लांबलचक भारतीय नाव चिनी जिभेला पेलत नाही, म्हणून दोन-तीन अक्षरांचं चिनी नाव घेणं सोयीचं. ते चिनी येणाऱ्या माणसाकडूनच घ्या, म्हणजे अर्थ आणि सूर दोन्ही जुळतात. यात आपला एक मोठा पूर्वज आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, भाषा शिकले, युद्धात जखमी सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. चीनमध्ये त्यांना ख१ ती४ह्वा२ म्हणून ओळखतात. शेवटचं ‘ह्वा’ म्हणजे चीन; पथकातल्या पाचही जणांनी ते आपल्या चिनी नावात घेतलं होतं. शिजियाझुआंगला हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. वयस्क माणसाशी, विशेषतः होपेइ प्रांतात, बोलताना ‘ख१ ती४ह्वा२ ताइ४फु (डॉक्टर) आमच्या महाराष्ट्राचे’ एवढं सांगून बघा. पुढचा अर्धा तास गप्पांना विषय कमी पडत नाही.

पायरी सातवी : निरोप

त्साइ४च्येन४ सगळ्यांना माहीत असतं. रोजच्या बोलण्यात पाइ२पाइ२ (इंग्रजीतून आलेलं) किंवा मिंग२थ्येन१ च्येन४, ‘उद्या भेटू’, जास्त. आपण आधी उठत असू तर वो३ श्येन१ त्सोउ३ ल, ‘मी निघते’. न सांगता उठून जाऊ नये.

कुणाच्या घरून निघताना यजमान दारापर्यंत, लिफ्टपर्यंत, कधी खालच्या फाटकापर्यंत सोबत येतात. मान४ त्सोउ३ म्हणतात. आपलं ‘सावकाश जा’ हुबेहूब. आपण प्ये२ सुंग४ ल, ‘आता नका येऊ सोडायला’, असं दोन-तीनदा म्हणायचं आणि ते येणार हेही धरून चालायचं.

फोन, वीचॅट आणि नवं वर्ष

फोन उचलताना वेइ२? चढत्या सुरात. प्रत्यक्षातली बरीचशी बोलणी मात्र वीचॅट या संदेशांच्या अॅपवर होतात. भारतात त्यावर २०२० पासून बंदी आहे, म्हणून खातं चीनमध्ये पोचल्यावरच उघडायचं बघा. नव्या खात्याला बऱ्याचदा जुन्या वापरकर्त्याची हमी लागते, तेव्हा कॉलेजातल्या किंवा कंपनीतल्या माणसाला आधी सांगून ठेवा. ओळख झाली की च्या१ क वेइ१शिन४ पा, ‘वीचॅटवर जोडून घेऊ या’. संदेशात नुसतं त्साइ४ मा?, ‘आहात का?’ असं लिहून उत्तराची वाट बघू नका. लोकांना ते त्रासदायक वाटतं. नमस्कार आणि काम एकाच संदेशात लिहा. साधा पिवळा हसरा चेहरा तरुणांना थंड, कुत्सित वाटतो, तोही टाळलेला बरा.

वसंतोत्सवात, म्हणजे चिनी नव्या वर्षाला, शिन१न्येन२ हाओ३ किंवा उत्तरेत क्वो४न्येन२ हाओ३. व्यापाऱ्यांना कुंग१शी३ फा१त्साइ२, भरभराट होवो. यातला त्स महाप्राण आहे, मागे ह सोडत म्हणा. उजव्या मुठीवर डावा तळवा ठेवून छातीसमोर दोन-तीनदा हलवतात, ते या दिवसांत शोभून दिसतं.

समोरून धबधबा आला तर

तुमचे सूर चांगले लागले, की समोरचा पूर्ण वेगात बोलायला लागतो. त्यासाठी दोन वाक्यं आजच पाठ करा. थिंग१पुतुंग३, समजलं नाही. छिंग३ ष्वो१ मान४ यी४त्येन३, जरा सावकाश बोला. मान हलवून ‘हो हो’ म्हणत राहू नका. व्यवहारात ते महागात पडतं. दुसरं वाक्य म्हणताना सुरुवातीला हाक जोडा : आ१यी२, छिंग३ ष्वो१ मान४ यी४त्येन३. बाई थांबेल, हसेल, आणि तेच वाक्य बोटांनी खुणा करत पुन्हा सांगेल.